मॅडॉकचा किनारा आणि एका दंतकथेचा प्रवास
उपग्रहांच्या आधारे अक्षांश-रेखांश गाठून दडवलेली डबी शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ 2000 मध्ये सुरू झाला, आणि दंतकथांचे किनारे धुंडाळणारे नवे शोधक त्यातून निर्माण झाले. उत्तर वेल्समधील ऱ्होस-ऑन-सी हा असाच कथासंपन्न किनारा होय. ग्विनेदचा राजा ओवाइन 1170 मध्ये निवर्तल्यावर पेटलेल्या भाऊबंदकीला विटून त्याचा पुत्र मॅडॉक येथून पश्चिमेस निघाला व अमेरिकेत पोहोचला, अशी आख्यायिका आहे. अमेरिकेचा हा उल्लेख मात्र सोळाव्या शतकातील लेखनातच प्रथम आढळतो, आणि वेल्शवंशीय विद्वान जॉन डी याने तो एलिझाबेथ राणीच्या हक्कासाठी पुढे केला, कारण कोलंबसाच्या आधीच्या वेल्श दर्यावर्दीमुळे स्पेनच्या दाव्याला शह बसत होता. या राजकीय उपयुक्ततेतच कथेच्या दीर्घायुष्याचे मूळ शोधावे लागते. तिची सर्वांत करुण किंमत जॉन इव्हान्स या तरुणाने मोजली: मॅडॉकचे मानलेले वंशज, म्हणजे ‘वेल्श इंडियन’, शोधत तो मिसूरी नदीने मंडान जमातीपर्यंत गेला, 1796-97 चा हिवाळा त्याने तेथे काढला, असे लोक नाहीतच हे प्रामाणिकपणे कळवले आणि 1799 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्याचा मृत्यू झाला.