गिरणगावच्या बाळंतिणी

प्लेगने खिळखिळ्या केलेल्या मुंबईत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, आरोग्यखात्याची दृष्टी गटारे आणि उंदीर यांवरून हळूहळू अर्भकांकडे वळली, आणि चाळीचाळींतून फिरून बाळंतिणीची विचारपूस करणाऱ्या परिचारिका मुनिसिपालिटीच्या चाकरीत दिसू लागल्या. १९२१ साली शहराच्या दप्तरी दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद झाली. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे रास्त नव्हे. कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास कोकणात जात आणि तान्ह्या मुलासह परतत, त्यामुळे जन्म गावी व मृत्यू मुंबईस मांडला जाई. तथापि ही वजावट करूनही जे उरते, ते मन विदीर्ण करणारे आहे.

एका खोलीच्या त्या बिऱ्हाडात परिचारिकेला काय दिसे? बाजेजवळ धुमसणारी शेगडी, हवा येऊ नये म्हणून लावून घेतलेले दार, आणि कोपऱ्यात भर दिवसा निपचित झोपलेले मूल. ही झोप बाळगोळीची, म्हणजे अफूची असे. पहाटेच्या भोंग्याला आई गिरणीत गेली की शेजारच्या म्हातारीच्या हवाली केलेले पोर संध्याकाळपर्यंत रडू नये, एवढ्यासाठी ती गोळी. पण जे रडत नाही ते दूधही मागत नाही, आणि असे मूल दिसामासाने सुकत जाई. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याने १९२२ साली गिरणीकामगार स्त्रियांची जी चौकशी केली, तीतही अफूची ही चाल सार्वत्रिक आढळली.

अशा आईला अज्ञानी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. अफू वाईट हे तिला पटले, तरी खाडा पडताच बुडणारी मजुरी तिला कोण भरून देणार होते? स्वच्छतेचे चार शब्द सांगणे परिचारिकेच्या हाती होते, रजा देणे नव्हते. तो प्रश्न अखेर कायदेकौन्सिलात गेला. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी तेथे प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि १९२९च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील गिरणीकामगार स्त्रीला बाळंतपणाच्या रजेत मालकाकडून रोख भत्ता मिळण्याचा हक्क प्राप्त झाला.