घंटेच्या टायमरचे सुटे भाग

आपल्या शाळेतल्या एखाद्या वस्तूचा इतिहास लिहावा असे मनात आले, तेव्हा मी घंटेचा टायमर निवडला. डिसेंबर १९९४ च्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या नववीच्या तुकडीने तो मांडला होता. दर पस्तीस मिनिटांनी आपोआप तास वाजवणारा पत्र्याचा डबा. तो टेबलावर ठेवलेला अनेकांना आठवत असेल. त्याच्या आतले भाग कुठून आले हे मात्र आणायला गेलेल्या चौघांनाच ठाऊक आहे, आणि सांगण्याजोगा इतिहास तिथेच आहे.

त्या काळी टायमरची कुठलीही आकृती उघडली की त्यात ५५५ हा आयसी हटकून असायचा. हान्स कामेन्झिंड या स्विस अभियंत्याने तो १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखला आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. तत्त्व सोपे आहे. रेझिस्टरमधून कॅपॅसिटर हळूहळू भरतो. पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश व्होल्टेजला पोहोचला की आउटपुट बदलते. रेझिस्टर आणि कॅपॅसिटर यांच्या किमतींच्या गुणाकाराची १.१ पट केली की वेळ सेकंदांत मिळते. आपला तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे २१०० सेकंद. १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घेतला तर रेझिस्टर सुमारे १९ लाख ओहमचा लागतो. कागदावर हे जमते, पण एवढ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधून थोडा प्रवाह सतत गळत असतो, आणि १९ लाख ओहममधून येणारा प्रवाहही जवळपास तेवढाच क्षीण असतो. भोक पडलेली बादली बारीक धारेने भरायची, तशातली गत.

हे आपल्याला पुस्तकाने सांगितले नाही, कोलशेतने सांगितले. तेव्हाचे कोलशेत म्हणजे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव, एअर फोर्सचे कुंपण आणि रस्त्यालगत सँडोज, बायर यांच्यासारखे रासायनिक कारखाने. वर्गातल्या कित्येकांचे वडील पाळीवर जाणारे. एका मैत्रिणीचे बाबा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. त्यांनी आकृती पाहिली आणि म्हणाले, "वेळ साठवू नका, मोजा." वहीच्या मागच्या पानावर त्यांनी ४०६० हा आकडा लिहून दिला.

४०६० मध्ये एक लहान ऑसिलेटर आणि चौदा टप्प्यांचा मोजणीदार एकत्र असतो. शेवटच्या टप्प्याचे आउटपुट ८१९२ ठोक्यांनंतर वर जाते. पाव सेकंदाहून किंचित मोठा ठोका दिला की बरोबर पस्तीस मिनिटे होतात. त्यासाठी ०.४७ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कॅपॅसिटर आणि सव्वादोन-अडीच लाख ओहमचा रेझिस्टर पुरतो. गळतीचा प्रश्नच मिटला.

यादी झाली, आता भाग मिळवायचे होते. ठाणे स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, डायोड मिळाले. ४०६० चे नाव काढताच दुकानदार म्हणाला, "त्याला लॅमिंग्टन रोडच गाठावा लागेल."

मग एका शनिवारी दुपारी सर आणि आम्ही चौघे निघालो. कोलशेतहून टीएमटीची बस, ठाण्याहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मिळालेला हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण सुटे भाग घेणारा कोणीही तो पत्ता सांगत नाही. एकीकडे नाझसारखी चित्रपटगृहे आणि चित्रपट वितरकांची कार्यालये, दुसरीकडे हातभर रुंदीची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९८२ मध्ये एशियाडच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. टीव्ही जुळवणारे आणि दुरुस्त करणारे वाढत गेले, तसे इथले गिऱ्हाईकही वाढले.

काउंटरवर चिठ्ठी सरकवायची रीत होती. दुकानदाराने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "रिलेच्या कॉइलवर डायोड कुठे आहे?" रिले बंद होताना कॉइल उलट व्होल्टेजचा झटका देते आणि ट्रान्झिस्टर जातो, तो डायोड झटका वाट करून देतो. चार आण्यांच्या डायोडबरोबर हा धडा फुकट मिळाला. ४०६० चंदेरी कागदात गुंडाळून दिला, कारण हाताच्या स्थिर विजेनेही असा आयसी बिघडू शकतो.

सोमवारी सरांनी सगळे भाग टेबलावर मांडले आणि प्रत्येकावरचा शिक्का मोठ्याने वाचायला लावला. कॅपॅसिटर केरळच्या केल्ट्रॉनचा. रिले कोचीजवळच्या ओईएन कंपनीचा. ट्रान्झिस्टर एसएल १००, पत्र्याच्या टोपीचा, आपल्याच देशात रुजलेला क्रमांक. आयसी तेवढा परदेशी.

हे योगायोगाने घडले नव्हते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकातच ट्रान्झिस्टर बनवायला घेतले होते. दिल्लीची काँटिनेंटल डिव्हाइस १९६४ पासून या धंद्यात होती. १९७१ मध्ये, म्हणजे ५५५ आखला गेला त्याच वर्षी, सरकारने इलेक्ट्रॉनिक्स आयोग नेमला. आयात परवाने आणि जबर शुल्क यांच्या आडोशाने साध्या भागांचे कारखाने उभे राहिले. आयसीसाठी मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स होते. तिथे १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीत तो कारखाना जळाला. आपल्या डब्यातला परदेशी आयसी पाहिला की मला ती आग आठवते.

पुढे १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचे शुल्क शून्यावर आले. त्यामुळे संगणक स्वस्त झाले, आणि माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्यांचे भलेच झाले. पण आडोसा गेल्यावर देशी सुट्या भागांच्या अनेक कारखान्यांना आयात मालापुढे टिकणे अवघड झाले. हे दोन्ही एकाच सहीने घडले. एक सांगून दुसरे गाळणे बरोबर नाही.

आज तोच टायमर करायचा तर वायफाय असलेले एक तयार मॉड्यूल पुरते. ते घरपोच येते आणि घंटेचे वेळापत्रक मोबाइलवरून बदलता येते. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. मुलांना साधने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक मिळतात, याचा आनंदच आहे. फक्त यादी वाचून "डायोड कुठे आहे?" विचारणारा माणूस त्या खोक्यातून येत नाही. ते काम आता शाळेत शिकवणाऱ्यांचे, आणि आपल्यापैकी ज्यांना थोडे येते त्यांचेही. कोलशेतमध्ये कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले तरी त्या मनोऱ्यांत अभियंते राहतातच. महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यायला हरकत नसावी.

एक विनंती. त्या खरेदीचा हिशेब सरांनी वर्गणीच्या वहीत लिहिला होता, भागांचे भाव आणि दुकानांच्या नावांसकट. ती वही कोणाकडे असेल तर मेळाव्याला जरूर आणावी. मला ती पाने उतरवून घ्यायची आहेत.