एकाच सैन्यात वेगवेगळ्या रायफली कशासाठी? समजून घ्या काडतुसांचं गणित

भारतीय जवानाच्या हातातली रायफल बदलते आहे. जवळपास तीन दशकं वापरात असलेल्या 'इन्सास'ची जागा एके-२०३ घेत आहे. काही तुकड्यांकडे अमेरिकी सिग-७१६ आहे. मग सर्वांना एकच चांगली रायफल का देत नाहीत?

लहान गोळी की मोठी?

इन्सासच्या आधी लष्कराकडे एसएलआर होती. तिचं ७.६२×५१ मिमी काडतूस जोरदार, पण वजनाला साधारण २४ ग्रॅम. पुण्यातल्या डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेने विकसित केलेल्या इन्सासला ५.५६×४५ मिमी काडतूस लागतं. ते साधारण १२ ग्रॅमचं असतं. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या नेता येतात, खांद्याला धक्काही कमी बसतो. मात्र लहान गोळीचा लांबवरचा मारा कमी पडतो.

इन्सास का बदलली?

१९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत इन्सासची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या, पण नव्या रायफलीची मागणी कायम राहिली.

नव्या रायफलींत फरक काय?

२०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ मागवण्यात आल्या. ७.६२×५१ मिमीची ही रायफल लांबच्या माऱ्यासाठी आहे. एके-२०३ साठी डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी करार झाला. उत्तर प्रदेशातल्या अमेठीजवळ कोरवा इथे अशा ६ लाखांहून अधिक रायफली बनणार आहेत. सरकारी माहितीनुसार तिचा प्रभावी पल्ला ३०० मीटर आहे. जवळच्या चकमकीत आणि दहशतवादविरोधी मोहिमेत ती हाताळायला सोपी जाते.

दोन्ही '७.६२'च्या असल्या तरी एके-२०३ चं काडतूस ७.६२×३९ मिमी आहे. इथे ३९ आणि ५१ ही काडतुसाच्या पुंगळीची लांबी. त्यामुळे एकीची गोळी दुसरीत चालत नाही.

मग ग्रेनेड लाँचर कशाला?

रायफलीची गोळी जवळपास सरळ जाते. खडकामागे किंवा खंदकात लपलेला शत्रू तिच्या माऱ्यातून सुटतो. हातबॉम्ब फार तर ३०-४० मीटर फेकता येतो. त्यापलीकडच्या अंतरासाठी रायफलीच्या नळीखाली ४० मिमीचा ग्रेनेड लाँचर (यूबीजीएल) बसवतात. त्याचा ग्रेनेड कमानीसारखा वर जाऊन आडोशामागे पडतो. पल्ला साधारण ४०० मीटर. जवानाच्या सुरक्षेसाठी, सुटल्यावर ठरावीक अंतर कापेपर्यंत तो फुटत नाही.

अडचण कुठे आहे?

या सोयीची किंमत रसद विभाग मोजतो. तीन प्रकारच्या गोळ्या आणि वर ग्रेनेड, हे सगळं योग्य चौकीवर योग्य वेळी पोहोचवावं लागतं. डोंगरातल्या चौकीवर चुकीची पेटी पोहोचली, तर हातातली सर्वोत्तम रायफलही निरुपयोगी ठरते.