फोर-व्हील ड्राइव्ह

फोर-व्हील ड्राइव्ह (लघुरूप: ४×४, उच्चारी 'फोर बाय फोर') ही मोटार वाहनाच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी यांत्रिक रचना आहे. सर्वसाधारण मोटारींत ही शक्ती केवळ पुढच्या किंवा केवळ मागच्या चाकांच्या जोडीला मिळते. बर्फ, चिखल, वाळू किंवा खडकाळ चढ अशा कमी पकडीच्या जमिनीवर शक्ती चार चाकांत विभागली गेल्याने वाहन पुढे सरकण्याची शक्यता वाढते. मराठीत 'चारचाकी' हा शब्द कोणत्याही मोटारीसाठी रूढ असल्याने या रचनेकरिता इंग्रजी नावच प्रचारात आहे.

इतिहास

नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी सहा सिलिंडरची पेट्रोल मोटार तयार केली. या रचनेला खरी प्रसिद्धी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनवलेल्या जीपमुळे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर बाजारात आली. रस्त्यावरील मोटारींत ही रचना रुजवण्यात ब्रिटनची जेन्सन एफएफ (१९६६), जपानची सुबारू लिओनी (१९७२) आणि जर्मनीची ऑडी क्वाट्रो (१९८०) या वाहनांचा वाटा मोठा आहे.

भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी लष्कर, पोलीस आणि वनविभागात दीर्घकाळ वापरात राहिली. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांत सफारीच्या उघड्या गाडीला आजही सरसकट 'जिप्सी' म्हटले जाते. सध्याच्या वाहनांपैकी महिंद्रा थारचे उत्पादन नाशिक येथे होते, तर गुरखा हे वाहन बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय पुण्यातील आकुर्डी येथे आहे.

प्रमुख प्रकार

अंशकालीन: यात वाहन एरवी दोन चाकांवर चालते व गरजेनुसार चालक लिव्हर किंवा बटणाने उरलेली जोडी जोडतो. पुढची आणि मागची चाके या स्थितीत एकमेकांशी घट्ट जखडली जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. सैल जमिनीवर चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे होत नाही, त्यामुळे यंत्रणेवर पीळ साठतो, वळणे अवघड होते आणि भागांची हानी होऊ शकते. थार, जिम्नी व गुरखा यांच्या ४×४ आवृत्त्या याच प्रकारात मोडतात.

पूर्णकालीन: पुढच्या व मागच्या आसांमध्ये मध्यवर्ती डिफरेन्शियल असल्याने चारही चाकांना सतत शक्ती देता येते. कोरड्या व निसरड्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर हा प्रकार वापरता येतो.

स्वयंचलित ऑल-व्हील ड्राइव्ह: यात बहुधा एकाच जोडीला शक्ती मिळते, चाक घसरू लागल्याचे संवेदकांना जाणवताच क्लचद्वारे दुसरी जोडी जोडली जाते. चालकाला काही करावे लागत नाही. मात्र अशा बहुतेक वाहनांत लो रेंज नसते आणि खोल वाळूत दीर्घकाळ जोर लावल्यास क्लच तापू शकतो.

लो रेंज आणि डिफरेन्शियल लॉक

ट्रान्सफर केसमधील लो रेंज गिअरमुळे वेग कमी होऊन चाकांवरील टॉर्क वाढतो. तीव्र चढ, खडक आणि विशेषतः लांब उतार यांवर त्याचा उपयोग होतो, कारण उतारावर इंजिनच वाहनाला रोखून धरते व ब्रेकवरचा भार हलका होतो.

साध्या डिफरेन्शियलमध्ये एकाच आसाच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो. त्यामुळे एक चाक हवेत किंवा निसरड्या जागी असल्यास ते नुसतेच फिरते आणि पकड असलेल्या चाकापर्यंतही पुरेसा जोर पोहोचत नाही. पुढे-मागे एकेक चाक अधांतरी राहिल्यास ४×४ वाहनही जागेवर अडकते. डिफरेन्शियल लॉक दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरण्यास भाग पाडतो. काही वाहनांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हेच काम अंशतः साधले जाते.

हिवाळी वाहनचालन

ही रचना वाहनाला चालना देण्यास मदत करते, थांबवण्यास नाही. ब्रेक सर्वच आधुनिक मोटारींत चारही चाकांना असतात, त्यामुळे बर्फावर थांबण्याचे अंतर आणि वळणावरील पकड प्रामुख्याने टायर व वेगावर अवलंबून असते. बर्फात सहज वेग घेता आल्याने चालकाला रस्ता वाटतो तितका निसरडा नाही असा भ्रम होतो, आणि तो पहिल्या जोरदार ब्रेकच्या वेळीच दूर होतो.

हिवाळी टायरचे रबर कमी तापमानातही मऊ राहते; साधारणतः ७ अंश सेल्सियसच्या खाली ते उपयुक्त मानले जातात. तीन शिखरे व हिमकण असे चिन्ह असलेले टायर बर्फावरील चाचणीत उतरलेले असतात, तर 'एम+एस' या खुणेमागे अशी चाचणी असतेच असे नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून केवळ शिखर-हिमकण चिन्हाचे टायरच हिवाळी म्हणून ग्राह्य धरले जातात. भारतात हिवाळी टायर सहज मिळत नसल्याने हिमालयात साखळ्यांचा वापर होतो. साखळ्यांची एकच जोडी असल्यास ती कोणत्या चाकांना बसवावी हे वाहनाच्या पुस्तिकेनुसार ठरते.

हिमाचल प्रदेशात हिमवृष्टीच्या काळात मनालीच्या वरच्या भागात अनेकदा केवळ ४×४ किंवा साखळ्या लावलेली वाहनेच सोडली जातात. अटल बोगदा (२०२०) झाल्यापासून लाहौलमध्ये हिवाळ्यातही पर्यटक पोहोचू लागले आहेत. त्यांत महाराष्ट्रातून स्वतःच्या वाहनाने जाणारेही असतात.

बर्फात अडकलेल्या वाहनात इंजिन चालू ठेवून बसणे प्राणघातक ठरू शकते. धुराचे नळकांडे बर्फाने बुजल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू आत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या वाहनांत २०हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अशा वेळी नळकांड्याभोवतीचा बर्फ वारंवार काढणे, खिडकी किंचित उघडी ठेवणे आणि इंजिन थोड्याच वेळापुरते चालवणे आवश्यक असते.

रस्त्याबाहेरील वापर

खडबडीत जमिनीवर वाहनाची भूमिती चालक चाकांच्या संख्येइतकीच महत्त्वाची असते. जमिनीपासूनची उंची, पुढील व मागील टोकांचे चढ-उतार कोन आणि पोटाखालचा कोन यांवरून वाहन कोणता अडथळा न घासता ओलांडेल हे ठरते. पाच दरवाजांच्या जिम्नीची जमिनीपासूनची उंची २१० मिमी, तर २०२० च्या थारची २२६ मिमी आहे. याच थारसाठी पाण्यातून जाण्याची कमाल खोली ६५० मिमी सांगितली जाते. ही मर्यादा संथ पाण्यासाठी असते. वाहत्या ओढ्यात त्याहून कमी खोलीतही वाहन वाहून जाऊ शकते.

वाळूत टायरमधील हवा कमी केल्याने टायर पसरतो व रुतणे टळते. डांबरी रस्त्यावर परतल्यावर ती पुन्हा भरावी लागते. कोकणातील किनाऱ्यांवर भरतीच्या वेळी वाळूत वाहने रुतण्याचे प्रकार वारंवार घडतात. नदीपात्रे, किनारे आणि संरक्षित क्षेत्रांत वाहन नेण्यावर अनेक ठिकाणी बंदी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून वाहन नेणाऱ्यावर पोलिसांनी दंडात्मक कारवाई केली होती.

निवडीचे निकष

हिवाळी रस्ता आणि रानवाट यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. कुठे बर्फ, कुठे कोरडे डांबर अशा रस्त्यांवर पूर्णकालीन किंवा स्वयंचलित रचना सोयीची ठरते, कारण अंशकालीन वाहनात चालकाला सतत बदल करावा लागतो. सलग चिखल, खडक व तीव्र चढांसाठी लो रेंज, डिफरेन्शियल लॉक आणि अधिक उंची असलेले अंशकालीन वाहन श्रेयस्कर असते. तथापि उंच वाहनाचा गुरुत्वमध्यही वर असल्याने वळणावर ते उलटण्याचा धोका अधिक असतो.

एकाच नावाचे वाहन दोन्ही रचनांत विकले जाऊ शकते. उदाहरणार्थ, २०२३ पासून थार केवळ मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्तीतही मिळते. तिचे बाह्यरूप बहुतांशी ४×४ आवृत्तीसारखेच आहे. त्यामुळे नाव किंवा आकार पाहून क्षमतेचा अंदाज बांधता येत नाही. जुने वाहन घेताना ४×४ व लो रेंज प्रत्यक्ष सैल जमिनीवर जोडून पाहणे, ट्रान्सफर केसमधील तेलगळती तपासणे आणि चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे आहेत याची खात्री करणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

जादा शाफ्ट व गिअरमुळे वाहनाचे वजन, किंमत, इंधनखर्च आणि देखभाल वाढते. वर्षभर पक्क्या रस्त्यांवर धावणाऱ्या आणि क्वचितच बर्फात जाणाऱ्या वाहनासाठी चांगले टायर व साखळ्यांची जोडी हा अनेकदा अधिक स्वस्त आणि पुरेसा पर्याय असतो.