पुरुषाने साडी नेसली म्हणजे तो ट्रान्सजेंडर होतो का? वेश, ओळख आणि नावांचा गोंधळ

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात मंडयांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया शहराला लागून असलेलं कुडवा असो की जंगलालगतचं एखादं गाव, झाडीपट्टीच्या या भागात मंडई म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. खडी गंमतीत लुगडं नेसून, पायात चाळ बांधून नाचणारा परंपरेने पुरुषच असतो. सकाळी तो रंग पुसतो आणि धानाच्या कामाला लागतो. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हाच माणूस तेच लुगडं नेसून बसस्टँडवर दिसला तर मात्र कुजबुज सुरू होते. "हा 'तसला' आहे का?" या 'तसला' शब्दात निदान तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कोंबलेले असतात: तो काय घालतो, तो स्वतःला कोण मानतो आणि त्याला कोण आवडतं.

पहिला प्रश्न कपड्यांचा. आपल्या लिंगाचे म्हणून समाजाने ठरवलेले कपडे सोडून दुसरे घालणं म्हणजे क्रॉसड्रेसिंग. मराठीत याला नेमका रुळलेला शब्द नाही. 'वेशांतर' म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात, आणि 'स्त्रीवेश' ही एकच बाजू झाली. दुसऱ्या बाजूला नाव देण्याची गरजही कुणाला फारशी वाटत नाही, कारण पँट-शर्ट घातलेल्या बाईकडे आता कोणी वळून पाहत नाही. क्रॉसड्रेसिंग ही कृती आहे. ती पोटासाठी असेल, हौसेखातर असेल, नवसासाठी असेल किंवा बंद दाराआड मिळणाऱ्या निवांतपणासाठी असेल.

दुसरा प्रश्न लिंगभावाचा, म्हणजे आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की या दोन्हींत न बसणारे आहोत, या आतल्या जाणिवेचा. जन्मावेळी दाईने किंवा डॉक्टरने जे सांगितलं, त्याच्याशी ही जाणीव जुळत नसेल तर ती व्यक्ती ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी. तिसरा प्रश्न लैंगिक कलाचा. तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि साडीवरून त्याचं उत्तर मिळत नाही.

बालगंधर्व आणि गणपत पाटील

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (1888–1967) 'मानापमान'मध्ये भामिनी झाले, 'एकच प्याला'मध्ये सिंधू झाले. त्यांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायका उचलत. त्या काळी 'चांगल्या घरच्या' स्त्रीने रंगभूमीवर येणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून 'स्त्रीपार्टी' नटांची मोठी परंपरा तयार झाली. पुढे 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. नटाने वेश बदलला, भूमिका बदलली. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा हिशेब कळत होता.

तमाशातल्या नाच्याला मात्र तो मान मिळाला नाही. मराठी तमाशापटांत नाच्याची भूमिका अजरामर करणारे कोल्हापूरचे गणपत पाटील (निधन 2008) संसारी गृहस्थ होते. पण पडद्यावरची लचक आणि टाळी लोकांनी खरी मानली, आणि त्या संशयाचा त्रास त्यांना आयुष्यभर झाला. 2010 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'नटरंग'चा, म्हणजे आनंद यादवांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा, विषयही हाच आहे: कलेसाठी नाच्या झालेल्या एका पैलवानी गड्याची त्याच्याच माणसांकडून झालेली फरफट. बालगंधर्वांना जे माफ होतं ते नाच्याला नव्हतं. फरक साडीत नव्हता. प्रेक्षागृह कुणाचं आणि फड कुणाचा, यात तो होता.

उलट चूकही तितकीच होते. नाच्या म्हणजे नुसता नट, असंही सरसकट म्हणता येत नाही. ज्या मुलाला आतून आपण मुलगी आहोत असं वाटतं, त्याला लुगडं नेसण्याची मुभा देणारी गावातली एकमेव जागा कधीकधी रंगमंचच असते. दोन कलाकार एकाच फडात, एकाच वेशात नाचतील. एकासाठी तो वेश असेल, दुसरीसाठी ते तिचे रोजचे हक्काचे कपडे असतील. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

म्हणूनच ट्रान्स स्त्रीने साडी नेसण्याला क्रॉसड्रेसिंग म्हणणं चूक आहे. ती स्त्री आहे आणि स्त्रीचे कपडे घालते, एवढंच. उलट, घरच्यांच्या धाकाने ती शर्ट-पँट घालून कामावर जाते तेव्हाच तिचा वेश परका असतो.

तृतीयपंथी, हिजडा, जोगता: शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत

मराठी वर्तमानपत्रं 'तृतीयपंथी' हा शब्द सगळ्यांसाठी वापरतात. पण 'हिजडा' किंवा 'किन्नर' ही नुसती लिंगाची नावं नाहीत. त्यामागे गुरू-चेला नातं आहे, घराणी आहेत, रीतिरिवाज आहेत. प्रत्येक ट्रान्स स्त्री या घराण्यांत जात नाही, आणि ट्रान्स पुरुष तर या शब्दांत मोडतच नाहीत. बस्स, ट्रेनमध्ये टाळी वाजवणारे एवढीच प्रतिमा डोक्यात असलेल्यांच्या हे गावीही नसतं.

जोगत्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागात यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष साडी नेसतात, डोक्यावर देवीचा जग घेऊन फिरतात. केसांत जट आली म्हणून घरच्यांनी सोडलेला मुलगा त्यांत असतो, आणि स्वतःच्या बाईपणाला देवीच्या नावाने जागा मिळाली असं मानणाराही असतो. 2009 चा 'जोगवा' चित्रपट याच जगावर आहे. इथे वेश, श्रद्धा आणि ओळख यांचे धागे सुटे करता येत नाहीत, आणि करायचे की नाही हे त्या माणसाने ठरवायचं.

कायदा काय पाहतो?

एके काळी कायदा कपडेच पाहत होता. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. पोलिसांच्या यादीत नाव असलेली व्यक्ती बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात ही दृष्टी उलटवली. आपला लिंगभाव ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. 2019 च्या मूळ कायद्याच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, जन्मतः लैंगिक शरीररचनेत वेगळेपण असलेल्या इंटरसेक्स व्यक्ती आणि जेंडरक्वीअर यांच्यासोबत किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता या सामाजिक-सांस्कृतिक ओळखीही आल्या. नाच्या त्यात नाही, क्रॉसड्रेसर नाही. तो अन्याय नव्हे. कपडे बदलणं ही ओळख नसल्यामुळे त्यासाठी प्रमाणपत्राची गरजच नाही. ओळखपत्राचं काम या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. अर्जाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या वेळी लागू असलेले पाहावेत.

हा फरक कागदावरचा नाही, हे जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात दिसलं. ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याने तो बाद झाला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढण्याची परवानगी दिली. मात्र एक गोष्टही बजावली: ही निवड आयुष्यभरासाठी आहे, सोयीसाठी पुढे मागे फिरता येणार नाही. अंजली पाटील निवडून आल्या.

हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या जुन्या यादीत स्त्री-पुरुष वेशाच्या अदलाबदलीला मानसिक विकारांत स्वतंत्र नोंद होती. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती राहिली नाही. ट्रान्सजेंडर असण्याशी संबंधित नोंदही मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली, जेणेकरून गरज असेल त्याला उपचार मिळावेत पण वेडाचा शिक्का बसू नये.

मग समोरच्या माणसाला काय म्हणायचं? तो किंवा ती स्वतःला जे म्हणते ते. 'हिजडा' हा शब्द समाजातली माणसं आपसांत अभिमानाने वापरतात, पण बाहेरच्याच्या तोंडी तो बहुतेक वेळा शिवी असतो. नाव विचारावं, त्याच नावाने हाक मारावी. 'ताई' म्हणायचं की 'दादा', हेही विचारता येतं. शस्त्रक्रिया झाली का, हे विचारण्याचं मात्र काही कारण नाही. शेजारच्या काकांना आपण असं काही विचारत नाही.

झाडीपट्टीच्या मोठ्या नाटकांत, विशेषतः वडसा इथून निघणाऱ्या कंपन्यांत, स्त्रीभूमिका आता अभिनेत्रीच करतात. दंडारीत आणि खडी गंमतीत पुरुषाचं लुगडं अजून टिकून आहे.