दमणीपासून डिकीपर्यंत

घरात मोटार घ्यायचे ठरले म्हणजे पुरुषमंडळी प्रथम विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मुले रंग विचारतात. बायका मात्र गाडीच्या मागे जातात, डिकीचे झाकण उघडायला लावतात आणि आत डोकावून पाहतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा देखावा मी अनेकदा पाहिला आहे. आणि मुलांना इतिहास शिकवणारा मास्तर या नात्याने मला वाटते की तिघांत खरा जाणता प्रश्न बायकांचाच. या मुलखात कुटुंब रिकाम्या हाताने घराबाहेर पडल्याचे कोणी ऐकले नाही. सामानाला जागा अपुरी पडली की गाडीतून माणूस उतरतो. कोणता माणूस उतरतो, तेही बहुधा ठरलेले असते.

सर्वांत जुनी हकिगत बंजाऱ्यांची. पुसद-दिग्रसकडे आज त्यांचे तांडे गावांसारखे स्थिरावले आहेत. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पण पूर्वजांचा धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख ओलांडायचे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. बायकामुले तांड्याबरोबरच चालत. घर, दुकान आणि गाडी ही तिन्ही एकाच बैलाच्या पाठीवर! तिथे जे मावेल तेवढाच संसार. १८६७ साली मुंबईकडची आगगाडी नागपूरला पोहोचली आणि लदेणीचा कणा मोडला.

शेतकऱ्याच्या घरी होती ती बंडी. सुखवस्तू घरात तिच्या जोडीला दमणी असे: हलकी, छताची, बायकामुलांना बसण्यासाठीची. दमणी पुढे आणि सामानाची बंडी मागे, अशी ती वरात निघे. पण दोन गाड्या आणि दोन बैलजोड्या कितीजणांकडे असणार? बाकीच्यांना एकाच बंडीत शेणखत, कापूस, लग्नाचे वऱ्हाड आणि आजारी माणूस हे सारे आळीपाळीने न्यावे लागे. वऱ्हाड न्यायचे तर आदल्या दिवशी बंडी धुऊन कडब्यावर सतरंजी अंथरायची, की झाली दमणी!

सामानातही आमचा जिल्हा इतरांहून निराळा, कारण आमचे मुख्य पीक कापूस. कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी. बंडीला चहूबाजूंनी बांबूच्या तट्ट्या उभ्या करून कापूस आत भरतात, आणि एकजण वर चढून तो पायांनी तुडवत राहतो. सरकी काढलेली रुई यंत्राने दाबून तिची गठाण बांधतात. आज एक गठाण १७० किलोची धरतात. दाबण्याचा एवढा खटाटोप जागेसाठीच, मोकळी रुई आगगाडीच्या डब्यात भरली तर डबा नुसत्या हवेचे भाडे भरील. जो धडा जिनिंगवाल्यांनी गिरवला तोच आमच्या आयाबहिणींनी. सासरी निघालेल्या लेकीबरोबर घरच्या कापसाची गादी द्यायची, तर ती गुंडाळून, गुडघ्याने दाबून, सुतळीने करकचून बांधायची. तरीही तिची जागा दीड माणसाची.

१९०५ पर्यंत आमच्या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते. यवतमाळकरांना आगगाडी गाठायची तर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरच्या धामणगावला जावे लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आली. तीच आमची शकुंतला. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या त्या रुळांवर माणसांचीही सोय झाली. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन गेले. आता ती धावतच नाही. मग एस.टी. आली, आणि टपावर सायकलपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सारे चढू लागले. एस.टी.चा टप ही आमच्या पिढीने पाहिलेली सर्वांत मोठी डिकी!

घरची मोटार म्हणजे बराच काळ दोनच नावे. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी फियाट. अँबॅसडर पुष्ट, २०१४ पर्यंत टिकलेली; फियाट सडपातळ. फियाटची डिकी भरली की टपावर कॅरियर ठोकायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही तेच केले. दोन्हींत पुढची बैठक बाकासारखी सलग असे, तिथे आणखी एक पोर सामावे. पैसे मोजून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहणाऱ्याला निवडीचा प्रश्न तसा पडतच नसे.

निवड आली ती १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० बरोबर. आणि इथूनच इतिहास गमतीचा होतो. ही मोटार सुझुकीच्या ज्या जपानी छोट्या मोटारीवर बेतली होती, ती तिथल्या करसवलतीच्या नियमात बसवलेली होती. १९७६ च्या त्या नियमाप्रमाणे लांबी ३.२ मीटरच्या आत हवी. चार माणसे बसवल्यावर शेवटी उरतो तो डिकीचा तुकडा, तोच कापला जाणार. म्हणजे टोकियोत एक नियम झाला आणि दारव्ह्याच्या कुटुंबाची ट्रंक मांडीवर आली.

आपल्याकडेही तेच घडले. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. मारुतीची डिझायर २००८ साली आली तेव्हा तिची लांबी ४.१६ मीटर आणि डिकी ४४० लिटरची होती. २०१२ साली तीच गाडी सवलतीसाठी ३.९९५ मीटरची केली, तेव्हा डिकी ३१६ लिटरवर आली. सव्वाशे लिटर जागा सरकारी सवलतीच्या पोटात गेली. २०१७ च्या नव्या रूपात तीतली काही परत मिळून ती ३७८ झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. चार मीटरची रेघ मात्र तिथेच आहे.

आता हे लिटर काय प्रकरण आहे? आमच्याकडे दूध लिटरने मोजतात, पूर्वी धान्य पायली-कुडवाने मोजत. पण ट्रंक लिटरने? जर्मनीत रूढ झालेल्या पद्धतीत २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचून ते मोजतात. ठोकळा कोपऱ्याकापऱ्यात बसतो. पत्र्याची ट्रंक बसत नाही, गादी तर मुळीच नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की आकडा ऐकून घ्यावा, पण दुकानात जाताना घरची सर्वांत मोठी ट्रंक बरोबर न्यावी. डिकीचे तोंड किती रुंद, उंबरा किती उंच, चाकांची पोटे आत किती आलेली, हे ट्रंक एका मिनिटात सांगते. विक्रेता हसला तर हसू द्यावे.

माणसेही आणि सामानही, असा दावा करणारी पहिली गाडी आमच्या भागात टाटांची सुमो. ती १९९४ साली आली. सुमंत मुळगावकर या मराठी माणसाच्या नावावरून तिचे नाव. मागे समोरासमोर दोन आडव्या बैठका, म्हणून दहा माणसे; सामान त्यांच्या गुडघ्यांमध्ये. हल्ली तिच्या जागी एर्टिगा दिसते. तिच्या २०१८ पासूनच्या रूपात तिन्ही ओळी उभ्या असल्या तर मागे २०९ लिटर आणि शेवटची ओळ घडी केली तर ५५०.

आमच्या शेजारी सात माणसांचे घर आहे, म्हणून त्यांनी अशीच सात जणांची गाडी घेतली. दिवाळीनंतर आर्णीवरून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आणि तसेच पुढे लेकीकडे मुक्कामाला निघाले, तेव्हा मागची ओळ घडी केलेली होती. तिथे दोन ट्रंका, फराळाचे डबे, तुरीच्या डाळीचे अर्धे पोते आणि सुतळीने बांधलेली एक गादी होती. आजी आणि धाकटी सून सकाळच्या एस.टी.ने पुढे गेल्या होत्या. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे. आजींचे वय पंचाहत्तरच्या पुढचे, त्यांना तेही लागले नाही.