द्राक्षासव आणि नानकटाई

आमची पुतणी सध्या स्पेनमधल्या बिल्बाओ नावाच्या गावी असते. हा बास्क लोकांचा मुलूख. परवा तिने फोनवरून आपलं स्वयंपाकघर दाखवलं. बदामाचं कूट, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक एवढ्यावर केलेली बिस्किटं ताटलीत मांडली होती, आणि शेजारी एका उंच पेल्यात काळपट लाल रंगाचं काहीतरी फसफसत होतं.

"काका, हे कालिमोचो. निम्मी रेड वाईन, निम्मा कोला आणि वर बर्फ. उन्हाळ्यात इथे सगळे हेच पितात."

या पेयाचा इतिहासही तिने सांगितला. १९७२ साली तिथल्या एका जत्रेत पोरांनी विकायला आणलेली वाईन बिघडली. फेकून देणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी तिच्यात कोला ओतला आणि नवीन नाव देऊन विकली, असं सांगतात. मला त्या पोरांबद्दल एकदम आपुलकी वाटली. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या माणसाला यात परकं असं काय वाटणार?

पण मग ती म्हणाली, "आपल्या नागपुरात असलं काही नव्हतंच ना? म्हणजे घरची बिस्किटं, उन्हाळ्यातली वाईन वगैरे?"

आता माणसाने काय वाटेल ते ऐकून घ्यावं, पण आपल्या गावात अमुक नव्हतं हे ऐकून घेऊ नये. त्यातून मी महालात वाढलेला. मी म्हटलं, "बेटा, तुझी पणजी दिवसातून दोनदा वाईन प्यायची. तीही निम्मं पाणी घालून."

फोन बंद पडला की काय, असं वाटण्याइतकी शांतता पसरली.

खोटं सांगत नाही. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव, त्यात तेवढंच पाणी, हा आमच्या आजीचा वर्षानुवर्षांचा नेम होता. आता द्राक्षासव म्हणजे काय? द्राक्षं उकळायची, त्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालायची आणि भांड्याचं तोंड बांधून ते आंबायला ठेवून द्यायचं. यथावकाश आत मद्यार्क आपोआप तयार होतो. बाटलीवर ते छापलेलंही असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की द्राक्षासव घेण्याच्या वयाच्या माणसाला ते दिसू नये. युरोपात हेच करून त्याला वाईन म्हणतात. आपण पुढे 'आसव' लावलं आणि बाटली देवघराशेजारच्या फडताळात ठेवली. आजीचे गाल रात्री साडेआठनंतर किंचित लाल होत आणि ती भजनं जरा वरच्या पट्टीत म्हणे. त्याचं श्रेय आम्ही भक्तीला देत आलो होतो.

हीच आजी बेकरीच्या नानकटाईला मात्र हात लावत नसे.

हा काळ १९७० च्या आसपासचा. मे महिना लागला की नागपुरात दोन कामं ठरलेली. एक म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणं आणि दुसरं म्हणजे नानकटाई 'पाडून' आणणं. मैदा, पिठीसाखर, थोडा रवा आणि डालडा असा सगळा संसार पिशवीत भरायचा, दोन रिकामे पत्र्याचे डबे घ्यायचे आणि सकाळी सहाला भट्टीवर नंबर लावायचा. आमच्याकडे या मिश्रणात मूठभर चारोळी पडे. बदाम परवडत नसत आणि चारोळी विदर्भाच्या जंगलातली, म्हणून घरची. पुतणीच्या बास्क बिस्किटांना आमचं एवढंच उत्तर होतं, पण ते खमंग होतं.

भट्टीवाल्या चाचांचा कारागीर ते पीठ परातीत असा काही मळी की त्यात त्याचा घाम किती आणि डालडा किती हा हिशेब करू नये. मग पत्र्यावर गोळ्यांच्या रांगा लागत आणि लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सरकत. तो वास आला की नंबरावरून भांडणारी माणसंसुद्धा एकमेकांना "तुमचं होऊन जाऊ द्या" म्हणत.

आजीचं म्हणणं, भट्टी परक्याची, हात परक्याचा, म्हणजे तो जिन्नस आपला नाही. "पोरांनी खावं, बाप्पा. पोरांना सगळं माफ." आमच्या तोंडात नानकटाई असल्यामुळे आम्ही वाद घालत नसू.

आजीला हसण्याआधी थोडा इतिहास पाहायला हवा, कारण बिस्किटाने आपल्याकडे भल्याभल्यांची झोप उडवलेली आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यात शिरायचं तर ख्रिस्ती माणसाने केलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी परीक्षा असे. सगळा कारभार गुप्त! जातिभेद मोडायचा, पण शेजाऱ्यांना कळू न देता. पुढे १८६० च्या सुमारास कुणीतरी सभासदांची यादीच पळवली आणि सभा विरघळली. बंगालात राजनारायण बसूंनी १८४६ साली ब्राह्म समाजाची दीक्षा घेतली, तेव्हा बिस्किटं आणि शेरी मागवण्यात आली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. बिस्किटाबरोबर वाईन! म्हणजे आमच्या पुतणीचा बिल्बाओतला बेत कलकत्त्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता, आणि तोही धर्मकार्य म्हणून.

पुण्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी बडी बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांची बोलणीही खाल्ली. एवढं सगळं एका कपापायी! आपण हल्ली चहात बिस्किट बुडवतो तेव्हा ते मोडून तळाशी जातं याचंच आपल्याला दुःख होतं.

आणि गंमत अशी की नानकटाई जन्मालाच आली ती आजीसारख्यांसाठी. सुरतेला डचांची वखार होती. डच गेले तेव्हा त्यांची भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली, असं तिकडे सांगतात. पाव फुगवायला तेव्हा ताडी वापरत. ताडी आणि अंडी म्हटल्यावर गिऱ्हाईक पाठ फिरवणार. तेव्हा त्यांनी ताडी काढली, अंडी काढली, तूप-साखर वाढवली आणि नानकटाई झाली. म्हणजे हे मुळातच प्रायश्चित्त घेतलेलं बिस्किट! 'नान' म्हणजे फारसीत भाकरी आणि 'खताई' म्हणजे चीनची, असं एक मत आहे. आमच्या वाड्यात मात्र 'नानाची कटाई' अशीच फोड मान्य होती, आणि शेजारच्या नाना मास्तरांना ती ऐकू गेल्यावर आमचीच कटाई झाली होती.

पेयांचीही तीच कथा. साहेबाचा 'पंच' हा शब्द आपल्या पाचावरून गेला, असं बहुतेक कोशकार मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला असे त्यात पाच जिन्नस. शिवाजी महाराजांच्या काळात इकडे आलेल्या फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरानेही हेच नोंदवलं आहे. आपण पाच जिन्नस एकत्र केले की पंचामृत, साहेबाने केले की पंच. आपलं चमचाभर हातावर घ्यायचं आणि त्याचं घंगाळातून प्यायचं, एवढाच काय तो फरक.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

१९७१ चा मे. नवतपा सुरू होता. ज्यांनी नागपूरचा नवतपा पाहिला नाही, त्यांना एवढंच सांगतो की त्या नऊ दिवसांत कावळासुद्धा सावली बघून ओरडतो. सकाळी मी भट्टीवरून नानकटाई आणली, ती दोन डब्यांपैकी एकच. दुसरा तिथेच राहिला. आईने दुपारी डबे मोजले आणि माझा उद्धार सुरू झाला. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात चाचा. डोक्यावर ओला पंचा, काखेत आमचा डबा. दोनच्या उन्हात दोन गल्ल्या चालत आले होते. "माँजी, बच्चा डब्बा भूल गया करके..." एवढं म्हणाले आणि भिंतीला हात लावून तिथेच खाली बसले. रात्रभर भट्टीसमोर, आणि वरून हे ऊन.

"अरे, ऊन लागलं याला! पन्हं आणा!" आजी ओरडली.

आमच्या घरी कानतुटका एक कप खिडकीत पालथा असे. तो 'बाहेरच्यांचा'. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, नियम सांगितला नव्हता, तरी तो कुणासाठी हे घरातलं शेंबडं पोरही जाणत होतं. आई सवयीने त्या कपाकडे वळली. तोवर आजीने माठाजवळचं आजोबांचं पितळी फुलपात्र उचलून त्यात पन्हं ओतलंही होतं. घाईत, की कसं, मला आजही सांगता येत नाही.

चाचांनी फुलपात्र हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग मान मागे टाकून ते वरून, ओठ न लावता प्यायला लागले. हात थरथरत होता. निम्मं पन्हं दाढीवर आणि सदऱ्यावर सांडलं. एवढ्या ग्लानीतही नियम ते विसरले नव्हते. आमच्या घरचा नियम!

आजी ते पाहत होती. एकदम म्हणाली, "तोंड लावून पी रे. ठसका लागेल."

चाचांनी तोंड लावलं. तीन फुलपात्रं पन्हं संपलं. थोडी तरतरी आल्यावर त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि आजीपुढे धरला. "बीस साल से आप का डब्बा आता है, माँजी. आप ने एक बार भी नही बताया, कैसी बनती है."

ओसरीवर आम्ही सहा-सात पोरं श्वास रोखून उभे. पंचहौद मिशन तेव्हा मला माहीत नव्हतं. पण तिथेही अशीच शांतता पसरली असणार. आजीने एक नानकटाई उचलली, उजेडात धरून चारोळी तपासली आणि तोंडात टाकली. दात बेताचेच होते, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला.

"तूप कमी आहे," आजी म्हणाली. आणि दुसरी उचलली.

चाचा इतके हसले की त्यांना खरोखरच ठसका लागला.

त्या संध्याकाळी मी फुलपात्रावर पाळत ठेवली. विटाळलेल्या भांड्यात विस्तव घालून ते शुद्ध करून घेताना मी आजीला पूर्वी पाहिलं होतं. फुलपात्र इतर भांड्यांबरोबर घासून पालथं घातलेलं होतं. एवढंच. कानतुटका कप मात्र आणखी काही वर्षं खिडकीत होता, हेही सांगायला हवं. घरं एका दुपारीत बदलत नाहीत. पण पुढल्या मे महिन्यापासून भट्टीवर जाताना पिशवीत डालड्याऐवजी घरचं साजूक तूप असे आणि आजीचा निरोप असे, "चाचाले सांग, हात आखडून घालू नको."

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी पणजीने प्रायश्चित्त घेतलं का?"

"घेतलं ना," मी म्हटलं. "रात्री द्राक्षासव दोनाऐवजी चार चमचे घेतलं. आणि पाणी घालायला विसरली."